गार पडणार, पण कुणाच्या शिवारात?

युरोपातल्या सखल भागात हिवाळ्यात बर्फ पडेल की नुसताच पाऊस, हे चार दिवस आधी सांगणे तिथल्या वेधशाळांनाही जड जाते. एखाद्या अंशाचा फरक पडला की बर्फाचे पाणी होते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बर्फ कुठला पडायला! उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपार नेणारी ही भूमी. पण इथेही माघ-फाल्गुनात कधी कधी आभाळातून बर्फच कोसळतो. आपण त्याला गारपीट म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाने तिचा तडाखा सोसला.

गारपिटीची सुरुवात फार दूर होते. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. त्यांच्यासोबतची थंड, कोरडी हवा वरच्या थरातून विदर्भापर्यंत पोचते. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापली, की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. त्यात गोठलेल्या थेंबांवर बर्फाचे थर चढत जातात आणि वर चढणाऱ्या वाऱ्याला ओझे पेलवेनासे झाले की गारा खाली येतात. मे महिन्यात लहान गारा तापलेल्या हवेत वाटेतच वितळतात. फेब्रुवारीत त्या शाबूत पोचतात.

झंझावात येतो आहे, हे चार-पाच दिवस आधी कळते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार पिवळा, नारिंगी इशारा देते. पण गारांचा पट्टा असतो जेमतेम काही किलोमीटर रुंद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार होऊन २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची चौकटही सहा किलोमीटरची आहे. आकड्यातला अगदी बारीक फरक काही दिवसांत सगळे हवामान बदलून टाकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ सालीच दाखवून दिले. म्हणून नेमके गाव कळते ते ढग रडारवर दिसल्यावर, दोन-तीन तास आधी. सिरोंचा तर नागपूरच्या रडारपासून अडीचशे किलोमीटरहून लांब. तिथवर पोचेतो पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा झोत जमिनीपासून कितीतरी उंच गेलेला असतो.

इकडे झाडीपट्टीत शेतकऱ्याचे वर्षाचे गणित उघड्यावर असते. डिसेंबरात धानाचे पुंजणे, फेब्रुवारीत बांध्यांतली लाखोळी आणि हरभरा, मार्च-एप्रिलमध्ये मोह. पहाटे गळालेली मोहफुले बायका-पोरे वेचतात, अंगणात वाळवतात. ती भिजली की काळी पडतात आणि भाव जातो.

अशा वेळी इशारा जिल्ह्याला मिळतो आणि गार चार गावांत पडते. उरलेली गावे म्हणतात, वेधशाळा खोटी ठरली. घाईने कच्चे पीक उपटणाऱ्याचे तर दोन्हीकडून नुकसान. तेव्हा चार दिवसांच्या अंदाजावर कमी खर्चाची कामे करावीत: ताडपत्री काढून ठेवावी, फवारणी आणि ओलित थांबवावे, कापलेला माल घरात घ्यावा. गुरे आणि माणसे आडोशाला नेण्यासाठी मात्र तासांचा इशाराच कामाचा.

तो इशारा भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत पोचायला हवा. फोनला रेंज नसली, तरी दवंडीला ती लागत नाही. नागपूरहून निघालेला निरोप गावच्या कोतवालापर्यंत वेळेत गेला, तर अंगणातला मोह घरात येतो.