मेंदू संशोधनाचं बीजभांडवल

सिमरोल : इंदूर–खंडवा रस्त्यावरच्या या गावात आयआयटी इंदूर आहे (स्थापना २००९). नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी संस्थेची स्वतःची ‘यंग फॅकल्टी रिसर्च सीड ग्रँट’, म्हणजे बीजनिधी, आहे.

मेंदूवरच्या संशोधनात पैसा कशाला लागतो? टाळूवरून टिपला जाणारा मेंदूचा विद्युतसंकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतका क्षीण असतो. तो टिपायला इलेक्ट्रोडची टोपी, जेल आणि अॅम्प्लिफायर हवा. ऊतींवर काम असेल, तर अँटिबॉडीज आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर.

केंद्राच्या योजना
- इन्स्पायर फॅकल्टी : साधारणपणे २७ ते ३२ वयोगट, पाच वर्षं मानधन, शिवाय दरवर्षी ७ लाख रुपये संशोधनासाठी.
- पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट : ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ची योजना, तीन वर्षांत ६० लाख रुपयांपर्यंत.

बीजनिधीच का? मोठ्या अनुदानासाठी प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात आणि ते मिळवायलाच आधी पैसा लागतो. हा पेच बीजनिधी सोडवतो. म्हणूनच तो वेळेवर हातात पडायला हवा. उशीर झाला, तर तरुण संशोधकाची उमेदीची वर्षं वाया जातात.