काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण : एकदा उडविलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा मूळ मापास आणून तीत नवा प्राइमर, नवी दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस ‘काडतूस पुनर्भरण’ असे म्हणतात. कारखान्यांतील काडतूसनिर्मितीहून ही क्रिया भिन्न असून ती बहुधा नेमबाज स्वतःच्या उपयोगासाठी घरच्या घरी करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा प्रसार सर्वांत अधिक आहे. प्रस्तुत नोंदीत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या हातशस्त्रांच्या काडतुसांचे पुनर्भरण आणि त्यासाठी लागणारी दारू व दाबयंत्रे यांच्या निवडीमागील तत्त्वे यांचा विचार केला आहे.

काडतुसाचे घटक : काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, प्राइमर, दारू व गोळी. पुंगळी सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. प्राइमर म्हणजे आघाताने पेट घेणारे मिश्रण भरलेली लहान टोपी. हे मिश्रण आज बहुधा लेड स्टिफनेटवर आधारलेले असते. बार उडताना पुंगळी प्रसरण पावून कोठीच्या भिंतीस घट्ट बसते व वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकुंचन पावते व बाहेर काढता येते. या चारांपैकी तीन घटक प्रत्येक बारागणिक खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती सर्वांत महाग घटकांपैकी एक असल्याने तिचा पुनःपुन्हा उपयोग करणे हेच पुनर्भरणाचे आर्थिक कारण होय. सराव करणाऱ्या नेमबाजास सौम्य धक्क्याची किंवा आपल्या शस्त्रास विशेष मानवणारी काडतुसे मिळविता येतात, हे दुसरे कारण.

सर्वच काडतुसे पुनर्भरणास योग्य नसतात. ०·२२ इंची काडतुसांत प्रज्वालक मिश्रण पुंगळीच्या काठाच्या पोकळ घडीत भरलेले असते व चापाच्या आघाताने ती घडी चेपली जाते. त्यामुळे अशी पुंगळी पुन्हा वापरता येत नाही. मध्याघाती काडतुसांत प्राइमर तळाच्या मध्यभागी स्वतंत्र खोबणीत बसविलेला असतो. त्याचे दोन प्रकार असून ते १८६६ च्या सुमारास पुढे आले. इंग्लंडमधील वुलिच येथील एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण प्राइमरमध्येच असते व पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असून तिच्या बाजूंस बहुधा दोन छिद्रे असतात. बॉक्सर प्रकारातील जळालेला प्राइमर मधल्या छिद्रातून सुई घालून सहज ढकलून काढता येतो. इंग्रज अधिकाऱ्याची ही पद्धत पुढे अमेरिकेत व अमेरिकन संशोधकाची पद्धत यूरोपात रूढ झाली. घरगुती पुनर्भरण अमेरिकेत फोफावण्याचे हे एक कारण मानता येते.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पश्चिम अमेरिकेतील दूरदूरच्या वस्त्यांत तयार काडतुसे दुर्मिळ असल्याने पुनर्भरणाची साधने शस्त्राबरोबरच विकली जात. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापिली. तिची अडकित्त्यासारखी हातसाधने विशेष प्रसिद्ध होती. हा व्यवसाय १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला. त्याच सुमारास निर्धूम दारूचे युग सुरू झाले होते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजापासून निर्धूम दारू तयार केली, तर १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन यांच्या संयोगाने ‘बॅलिस्टाइट’ सिद्ध केले. पहिल्या प्रकारास एकाधारी व दुसऱ्यास द्विआधारी दारू म्हणतात. अमेरिकेतील ‘बुल्सआय’ ही हातशस्त्रांसाठी असलेली द्विआधारी दारू १८९८ मध्ये बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची शिल्लक दारू खरेदी करून कॅनझसमधून किरकोळीने विकण्यास आरंभ केला. तेव्हापासून हा छंद सामान्य लोकांत पसरला.

दारूची निवड : निर्धूम दारू मोकळ्यावर पेटविली असता झपाट्याने जळते, पण बंदिस्त जागेत दाब वाढतो, दाबाबरोबर ज्वलनवेग वाढतो व त्यामुळे दाब आणखी वाढतो. या परस्परवर्धक क्रियेवर ताबा ठेवणे हा दारूच्या निवडीचा गाभा आहे. कणांचा आकार, त्यांचे पृष्ठफळ आणि त्यांवर चढविलेला ज्वलनमंदक लेप यांवर ज्वलनवेग अवलंबून असतो. कण पातळ चकत्यांचे, चेपट्या गोळ्यांचे अथवा नळीसारख्या तुकड्यांचे असतात. गोलकण दारू अमेरिकेत वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने १९३३ मध्ये प्रचारात आणली.

हातशस्त्राची नळी आखूड, बहुधा १० ते १५ सेंमी. लांब असते व गोळी तुलनेने हलकी असते. त्यामुळे गोळी नळीत असतानाच ऊर्जा देऊ शकेल अशी शीघ्रज्वलनी दारू आवश्यक असते. रायफलीची मंदज्वलनी दारू येथे अपुरी जळते. उलट, ‘मॅग्नम’ वर्गातील मोठ्या काडतुसांत जड गोळीस अधिक वेग देण्यासाठी तुलनेने मंद दारू अधिक मात्रेत भरतात. अशा काही दारूंची मात्रा ठरावीक मर्यादेखाली उतरविली, तर ज्वलन अनियमित होते. म्हणून ती फार कमी करू नये, असा इशारा उत्पादक देतात. ‘कमी दारू म्हणजे अधिक सुरक्षितता’ हा समज यामुळे सर्वत्र खरा ठरत नाही.

मात्रा ग्रेनमध्ये मोजतात; ७,००० ग्रेन म्हणजे १ पौंड व १ ग्रेन म्हणजे सु. ६४·८ मिग्रॅ. सामान्य हातशस्त्राच्या काडतुसात शीघ्रज्वलनी दारू काही थोडे ग्रेनच, म्हणजे काहीशे मिलिग्रॅम असते. इतक्या अल्प मात्रेत एका ग्रेनची चूकही मोठी ठरते.

या बाबतीत ०·३८ स्पेशल हे काडतूस उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या दारूसाठी आखले गेले व त्यात सु. २१ ग्रेन काळी दारू मावत असे. पुंगळीची लांबी सु. २९ मिमी. अशीच राहिली, परंतु आज तीत शीघ्रज्वलनी निर्धूम दारू भरल्यास पुंगळीचा बराचसा भाग रिकामा राहतो. परिणामी चुकून दुप्पट मात्रा पडली, तरी ती बाहेर सांडत नाही व गोळी नेहमीसारखीच बसते. अशा काडतुसाने रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटून हात व डोळे यांना इजा होण्याचा संभव असतो. यासाठी अनेक अनुभवी नेमबाज जागा व्यापणारी, फुगीर कणांची दारू निवडतात. तिची दुप्पट मात्रा पुंगळीत मावतच नाही किंवा निदान काठोकाठ दिसते. ऑस्ट्रेलियात तयार झालेली ‘ट्रेल बॉस’ ही कड्याच्या आकाराच्या कणांची दारू अशाच जुन्या, मोठ्या पुंगळ्यांसाठी काढण्यात आली. मात्र मोठ्या चकत्यांची दारू मापकातून समप्रमाणात पडत नाही. बारीक गोलकण दारू अतिशय एकसारखी पडते, पण जागा कमी व्यापते. डोळ्यास दिसणारी सुरक्षितता आणि मापकातील अचूकता यांतील हा पेच पूर्णपणे सुटत नाही. दाबयंत्र कोणते आहे, यावर त्याचा निर्णय करावा लागतो.

उत्पादकांच्या कोष्टकांत प्रत्येक काडतूस, गोळीचे वजन व दारू यांसाठी आरंभीची आणि कमाल मात्रा दिलेली असते. ही कोष्टके प्रत्यक्ष दाबमापनावर आधारलेली असतात. अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या शस्त्र व दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने ठरविलेला कमाल दाब ०·३८ स्पेशलसाठी १७,००० पौं./चौ. इंच (सु. ११७ मेगॅपास्काल), ०·४५ ऑटोसाठी २१,००० (सु. १४५) व ९ मिमी. ल्यूगरसाठी ३५,००० (सु. २४१) इतका आहे. ९ मिमी. काडतूस आखूड व अधिक दाबाचे असल्याने त्यातील गोळी थोडीशी आत दबली, तरी दाब पुष्कळ वाढतो. दारूंच्या ज्वलनवेगाच्या अनुक्रमसूची केवळ तुलनेसाठी असतात. त्यांवरून मात्रा ठरविता येत नाही. तसेच नावाशिवाय सापडलेली दारू रंगरूपावरून ओळखता येत नाही. ती नष्ट करणे हाच योग्य मार्ग होय.

पुनर्भरणाची क्रिया : प्रथम पुंगळ्या स्वच्छ करून तडे गेलेल्या पुंगळ्या बाजूस काढतात. नंतर डायमध्ये दाबून फुगलेली पुंगळी मूळ मापास आणतात व त्याच वेळी जळालेला प्राइमर काढतात. पुढे नवा प्राइमर बसविणे, पुंगळीचे तोंड किंचित रुंदावणे, दारू भरणे, गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसविणे व शेवटी तोंडाचा काठ आवळणे, असा क्रम असतो. टंगस्टन कार्बाइडचे कडे असलेली डाय वापरल्यास सरळ भिंतीच्या पुंगळीस वंगण लावावे लागत नाही.

दाबयंत्रे : दाबयंत्रात एक भक्कम चौकट, तरफेने वरखाली होणारा दट्ट्या व चौकटीच्या माथ्यावर आटे पाडून बसविलेली डाय हे मुख्य भाग असतात. ७/८ इंच व्यासाचे, दर इंचास १४ असे आटे सर्वसामान्य झाल्याने एका उत्पादकाची डाय बहुधा दुसऱ्याच्या यंत्रात बसते. यंत्रांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

(१) एकटप्पी दाबयंत्र : यात एका वेळी एकच डाय बसते. सर्व पुंगळ्यांवर एक क्रिया पूर्ण करून मगच पुढील क्रिया करतात. दारू भरलेल्या ५० पुंगळ्या लाकडी घडवंचीत उभ्या ठेवून दिव्याच्या उजेडात सर्वांतील दारूची पातळी एका दृष्टिक्षेपात पडताळता येते, हा याचा सर्वांत मोठा गुण होय. तासाला साधारण ५० ते १०० काडतुसे तयार होतात.

(२) फिरत्या माथ्याचे दाबयंत्र : यात सर्व डाय एका चकतीवर बसविलेल्या असतात व चकती फिरवून त्या पाळीपाळीने पुंगळीवर आणतात. डाय बदलण्याचा वेळ वाचतो. मात्र प्रत्येक पुंगळी स्वतंत्रपणे पूर्ण होत असल्याने पातळीची सामुदायिक पडताळणी होत नाही.

(३) क्रमिक दाबयंत्र : यात पुंगळ्यांची चकती दर खेपेस एकेक टप्पा पुढे सरकते व प्रत्येक टप्प्यावर एकाच वेळी वेगवेगळी क्रिया होते, त्यामुळे तरफेच्या प्रत्येक ओढीस एक काडतूस पूर्ण होते. तासाला ४०० किंवा अधिक काडतुसे तयार होऊ शकतात. १९८० नंतरच्या दशकात ॲरिझोनातील डिलन कंपनीच्या यंत्रांनी हा प्रकार छंदिकांच्या आवाक्यात आणला. यातील धोका क्रम खंडित होण्यात आहे. एखादा प्राइमर अडकून तरफ अर्ध्यावर थांबली आणि चकती हाताने मागेपुढे केली, तर एका पुंगळीत दोनदा दारू पडते किंवा एक पुंगळी कोरी राहते. कोऱ्या काडतुसात केवळ प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते व त्यामागून उडविलेल्या दुसऱ्या गोळीने नळी फुगते किंवा फुटते. म्हणून अशा यंत्रांवर दारूची पातळी तपासून इशारा देणारे साधन एका टप्प्यावर बसवितात.

वरील विवेचनावरून दारू व दाबयंत्र यांची निवड स्वतंत्रपणे करता येत नाही, हे स्पष्ट होते. महिन्याकाठी थोडी काडतुसे लागणाऱ्या व नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीस एकटप्पी यंत्र व पुंगळीचा बराच भाग व्यापणारी दारू योग्य ठरते. स्पर्धेसाठी हजारो काडतुसे लागणाऱ्यास क्रमिक यंत्र व मापकातून एकसारखी पडणारी दारू आवश्यक असते. परंतु दिसण्यातली सुरक्षितता येथे कमी झाल्याने तिची भरपाई पडताळणीच्या साधनाने व अखंड अवधानाने करावी लागते. कोणत्याही यंत्राबरोबर प्रमाणवजनांनी तपासलेला अचूक काटा अपरिहार्य असतो, कारण मापक घनफळ मोजतो, वजन नव्हे.

साठवण व आरोग्य : दारू मूळ डब्यातच, थंड व कोरड्या जागी ठेवतात आणि एका वेळी मेजावर एकाच प्रकारची दारू असू देतात. ती जाड लोखंडी पेटीत घट्ट बंद करणे धोक्याचे असते. कारण आग लागल्यास कोंडलेल्या वायूने पेटी फुटते. अमेरिकेतील अग्निप्रतिबंधक मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंड (सु. ९ किग्रॅ.) दारू व १०,००० प्राइमर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. उडविलेल्या पुंगळ्यांवरील धुळीत शिसे असते. कोरड्या पद्धतीने त्या स्वच्छ करताना ते श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. म्हणून ओली पद्धत, हवेशीर जागा व काम संपताच हात धुणे इष्ट होय.

कायदेशीर स्थिती : अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी पुनर्भरण करण्यास संघीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी काडतुसे तयार करण्यास मात्र लागतो. जर्मनीत शिक्षण घेऊन व परीक्षा देऊन दारू बाळगण्याची अनुज्ञा मिळवावी लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रे यांचाही अंतर्भाव होतो आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे घरगुती पुनर्भरणाचा छंद रुजलेला नाही. लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याची निर्मिती प्रामुख्याने पुण्याजवळील खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखान्यांसारख्या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांत होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्या २५ मी. पिस्तूल प्रकारात ०·२२ इंची काडतुसे वापरतात. त्यांचे पुनर्भरण होतच नसल्याने या प्रकारातील नेमबाज जगात सर्वत्र कारखान्यांतील काडतुसांवरच अवलंबून असतात.