दाराचं रबर आणि सादळलेले पापड

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. गाडी म्हटलं की आपण म्हणतो, ते डायव्हरचं काम, आपल्याला काय कळतं त्यातलं. मीही असंच म्हणायचे.

आमच्या गटांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली आहे. पापड, कुरडया, मसाले भरून ती तालुक्याच्या बाजाराला जाते. गेल्या आषाढात एका फेरीला १२ किलो उडदाचे पापड सादळले. दुकानदाराने माल परत पाठवला. बैठकीत सगळ्याजणी पॅकिंग करणाऱ्या ताईंवर तुटून पडल्या. पिशव्या नीट बंद केल्या नसतील, हात ओले असतील, असं बरंच काही बोलून झालं. ताई गप्प बसून होत्या. चार दिवसांनी पुन्हा पाऊस झाला. मी मागचं दार उघडलं, तर आतल्या पत्र्यावर पाण्याचं थारोळं. पाणी दाराच्या रबरातून आत येत होतं. ताईंचा काही दोष नव्हता.

या रबराला गॅरेजमध्ये बिडिंग म्हणतात. काम अगदी आपल्या कुकरच्या रिंगेसारखं. रिंग मऊ असते तोवर वाफ अडते. ती कडक झाली की कितीही घट्ट झाकण लावा, कडेने फुसफुस सुरूच. दाराच्या रबराचंही तसंच. ऊन, धूळ आणि हवेतला ओझोन वायू यांनी रबर हळूहळू कडक होतं, बारीक चिरा पडतात, आणि फटीतून पाणी अन् धूळ आत शिरते. पाणी साचून राहिलं की खालचा पत्राही गंजतो.

आता तपासायचं कसं? जुन्या पावतीचा कागद घ्या, दाराच्या कडेला धरून दार लावा आणि कागद ओढा. अडकत अडकत आला तर पकड चांगली आहे. सहज सुटला तर तिथे फट आहे. दाराभोवती वीतभर अंतराने असं बघायचं. मग एकीने बॅटरी घेऊन आत बसायचं आणि दुसरीने बाहेरून हळूहळू पाणी ओतायचं. थेंब कुठून येतो ते लगेच दिसतं.

रबर फाटलं असेल किंवा दबून कायमचं चपटं झालं असेल, तर ते बदलायलाच हवं. कोणतंही औषध लावून फाटलेलं रबर जुळत नाही. पण नुसतं कोरडं, मळकं झालं असेल, तर घरीच काम होतं.

आधी धुवायचं. तांब्याभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका. जुना मऊ टूथब्रश घेऊन खाचेतली माती काढा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल्या रबरावर काहीही लावू नका.

मग सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे वापरायचा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. आधी फडक्यावर घ्या आणि रबरावर अगदी पातळ हात फिरवा. जास्तीचं पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटते. काचेला लागलं तर पावसात समोरचं धूसर दिसतं. ब्रेकच्या भागांवर किंवा टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तर मुळीच लागू देऊ नका, गाडी घसरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे डिझेलचा नाहीतर रॉकेलचा बोळा फिरवायची सवय आहे. त्या दिवशी रबर काळंभोर, चकचकीत दिसतं. पण गाडीच्या दारांना बहुतेक ई.पी.डी.एम. नावाचं रबर असतं. ते ऊन-पाऊस चांगलं सोसतं, पण डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल त्याला सोसत नाही. त्याने ते फुगतं, सैल होतं. व्हॅसलीनही खनिज तेलातूनच येतं, म्हणून तेही नको. खोबरेल लावलं तर धुळीचा चिकट थर बसतो.

बंपरचं आणि कडेचं काळं प्लॅस्टिक उन्हाने पांढुरकं पडतं. तेही साबणपाण्याने धुऊन, वाळवून, प्लॅस्टिक-रबरासाठी मिळणारं पाण्यात बनवलेलं पॉलिश लावा. रंगाच्या पत्र्याचं मेण त्याला लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

आणखी एक. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती चिखलाने बुजतात. बारीक काडीने हलकेच मोकळी करा.

हे सगळं वर्षातून निदान दोनदा करायचं. एकदा होळीनंतर, ऊन तापायच्या आधी, आणि एकदा मृगाच्या आधी. एरवी गाडी सावलीत लावली तरी रबराचं आयुष्य वाढतं.

आम्ही आता गटाच्या वहीत जमाखर्चाशेजारी गाडीचंही एक पान केलं आहे. कागद लावून बघितला ती तारीख आणि सही. आणि हो, त्या ताईंची आम्ही भर बैठकीत माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "आता रबर बघायचं काम माझ्याकडेच द्या." यंदाच्या पावसाळ्यात एकही पापड परत आलेला नाही.

तुमच्या गटाची गाडी असो की घरची, उद्या सकाळी एक कागद घेऊन बघाच.