लाईट बिलावरचे बारा आकडे : घराचे वेगळे, मोटारीचे वेगळे



आज पिकाचं नाही, लाईट बिलाचं बोलायचं आहे. आपल्या एका सभासदाच्या दारात बिल भरलेलं असतानाही वायरमन लाईन तोडायला आला. पावती हातात होती. नीट वाचली तेव्हा कळलं की पैसे घराच्या नंबरावर नाही, विहिरीवरच्या मोटारीच्या नंबरावर भरले गेलेत. घाईत जे बिल हाताला लागलं, त्यावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून नातवाला भरायला पाठवलं होतं. दोन्ही बिलांवर नाव आजोबांचंच, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. पैसे मोटारीच्या जुन्या बाकीत गेले आणि घरचं बिल तसंच राहिलं.

म्हणून हा नंबर समजून घ्या. महावितरणच्या बिलावर वरच्या भागात ‘ग्राहक क्रमांक’ असतो, बरोबर 12 आकडी. हा नंबर माणसाचा नाही अन् मीटरचाही नाही, तो जोडणीचा आहे. एकाच्या नावावर घर, मोटार आणि पिठाची गिरणी असेल तर तीन जोडण्या, तीन नंबर. मीटर जळालं, नवीन बसवलं, तर मीटर क्रमांक बदलतो, ग्राहक क्रमांक तोच राहतो. वडील वारल्यावर जोडणी मुलाच्या नावावर केली तरी तोच. (नाव बदलून घ्यायचं काम मात्र वर्षानुवर्षं लांबवू नका.)

नंबराजवळच ‘बिलिंग युनिट’ म्हणून 4 आकडे छापलेले असतात. जोडणी कोणत्या उपविभागाच्या हिशोबात आहे, ते त्यावरून कळतं. महावितरणच्या वेबसाईटवर बिल बघताना हे चार आकडेही मागतात, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही लिहा.

बिल घराचं की शेतीचं, हे नावावरून ओळखू नका, ‘दर संकेत’ बघा. तिथं घरगुती की कृषी ते लिहिलेलं असतं. हे आता जास्त गरजेचं आहे, कारण एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. ‘आपलं बिल माफ आहे’ म्हणत काहींनी घरचंही भरणं सोडलं. योजना शेतीपंपाच्या नंबराला आहे, घराच्या नाही.

मोबाईल नंबर जोडून घ्यायचा असेल तर त्याच मोबाईलवरून मेसेज टाका : इंग्रजी अक्षरांत एम, आर, ई, जी, मग एक जागा सोडून 12 आकडी ग्राहक क्रमांक. पाठवायचा 9930399303 वर. बिलाची रक्कम, शेवटची तारीख, लाईट बंद राहणार असल्याची खबर फोनवर येते. दोन जोडण्या असतील तर दोनदा टाका.

आता फसवणुकीचं. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कट होईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज बऱ्याच जणांना येतो. खऱ्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी महावितरणची इंग्रजी अक्षरं, एमएसईडीसीएल, असतात. कुणाचा दहा आकडी मोबाईल नंबर नसतो. आणि वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी लाईन तोडण्याआधी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्याच रात्री तोडता येत नाही. ग्राहक क्रमांक सांगितल्यानं खात्यातले पैसे जात नाहीत. पैसे जातात ते ओटीपी सांगितल्यानं आणि त्यांनी पाठवलेलं ॲप मोबाईलमध्ये घेतल्यानं. शंका आली तर 1912 किंवा 1800-233-3435 वर विचारा, फोन फुकट आहे.

चुकून दुसऱ्या नंबरावर भरलं असेल तर पावती आणि दोन्ही बिलं घेऊन आपल्या उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

आज संध्याकाळी दोन्ही बिलं काढा. एकावर पेननं ‘घर’, दुसऱ्यावर ‘विहीर’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि फोटो काढून बाहेरगावी असलेल्या मुलालाही पाठवा.