तार षड्जावरचा 'ई'

तिसरी घंटा होते, ऑर्गनचा सूर भरतो आणि नांदी सुरू होते. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकाला बसलेल्या रसिकाला पदातला प्रत्येक शब्द कळायला हवा असतो. ज्यांचे नाव या नाट्यगृहाला आहे, त्या सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळातलेच. 1931मध्ये मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले, चाली वझेबुवांच्या. त्या पिढीचे गायकनट ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. ते केवळ जोर लावून साधत नाही. त्यामागे गळ्याचे शास्त्र आहे.

सूर निर्माण होतो स्वरयंत्रातल्या दोन नाजूक पडद्यांत. कुणी काळी चार पट्टीत गात असेल, तर मध्य षड्जाला हे पडदे सेकंदाला सुमारे 208 वेळा उघडझाप करतात, तार षड्जाला 415 वेळा. पण पडद्यांचा मूळ आवाज नुसता भुणभुणाट असतो. त्याला 'आ', 'ई', 'ऊ' असे रूप देते ती घसा आणि तोंड यांची पोकळी. अशा प्रत्येक उच्चाराला तिचा आकार बदलतो आणि त्याबरोबर तिचे अनुनादही.

खरी अडचण इथेच येते. 'ई' म्हणताना पोकळीचा सर्वांत खालचा अनुनाद साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. तार षड्ज त्याच्या वर गेलेला! त्या अनुनादाची साथ सुटली, की आवाज बारीक होतो आणि गायिका नकळत गळा आवळते. उपाय एकच, जबडा थोडा सैल सोडायचा. तोंड उघडले की अनुनाद वर सरकतो, सुराला पुन्हा भरीवपणा येतो, फक्त 'ई' किंचित 'ए'कडे झुकतो. 'आ'चा हाच अनुनाद 'ई'च्या दुपटीहूनही वर असतो, म्हणून तार सप्तकात आकार मोकळा लागतो. 'तोंड उघडून गा, तान आकारात घे' हा गुरूचा धाक म्हणजे कानाने शोधलेले भौतिकशास्त्रच.

ऑपेराच्या गायिका याच वाटेने खूप पुढे जातात. अतिउंच सुरांवर त्यांचे 'आ' आणि 'ई' वेगळे ओळखणेही कठीण होते. तिथल्या पुरुष गायकांची युक्ती निराळी. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी मोजून दाखवले, की स्वरयंत्र खाली ठेवून घसा रुंद केला की 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजाची ताकद एकवटते. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असल्याने गायकाचा आवाज त्यातून आरपार निघतो. कंठमण्यावर बोट ठेवून जांभई द्यायला लागा. तो खाली सरकलेला लगेच कळेल.

आपल्या नाट्यपदात मात्र शब्द हरवून चालत नाही, कारण पदातूनच कथा पुढे जाते. म्हणून कसब असते ते सुराचा भरीवपणा आणि शब्दाची स्पष्टता यांच्यामधली नेमकी जागा पकडण्याचे. अक्षर आधी स्वच्छ उच्चारायचे, मग सूर लांबवताना जबडा हळूच सोडायचा. रसिकाला 'ई'च ऐकू येतो, कारण त्याच्या कानाने शब्द आधीच धरलेला असतो.

हे वाचून येत नाही. पहाटेचा खरज, एकेक सूर श्वासभर स्थिर धरणे आणि समोर बसलेले गुरूचे कान, यांतूनच ते गळ्यात उतरते. मोजमापे नंतर आली. ती हाती आली की गुरूच्या कानाबद्दलचा आदर दुणावतो.