घरगुती बार्बेक्यू सॉस : चव कशाने येते, टिकाऊपणा कशाने

कोलार म्हटले की मराठी वाचकाला सोन्याच्या खाणी आठवतात. त्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. बेंगळुरूच्या पूर्वेस असलेल्या या जिल्ह्यातून आता जे धन ट्रक भरभरून बाहेर जाते ते टोमॅटोचे. आपल्याकडे नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील बाजारांना टोमॅटोच्या व्यापारात जे स्थान आहे, तेच दक्षिणेत कोलारच्या बाजाराला आहे. तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याची व्यथाही एकच असते. २०२३ च्या जुलैमध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोचा भाव किलोमागे शंभर रुपयांच्या वर गेला होता; त्यानंतर दोन महिने उलटले नाहीत तोच तो कोसळला. पीक एकदम तयार होते आणि पिकलेले फळ फार दिवस थांबत नाही. शंभर भाग टोमॅटोत सुमारे चौऱ्याण्णव भाग पाणीच असते, आणि ज्यात पाणी पुष्कळ त्यावर बुरशी व किण्वे यांचा डोळा असायचाच.

बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पर्णगुच्छ, मर आणि करपा या तिन्ही रोगांपुढे टिकाव धरणारा ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो तयार केला. अशा वाणांमुळे शेतातले नुकसान कमी होते. परंतु तोडणीनंतरचे नुकसान टाळावयाचे तर फळाचे रूपच बदलावे लागते. सॉस हे असे एक बदललेले रूप होय.

स्वस्ताईच्या दिवसांत घरी सॉस करून ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. गच्चीवर निखारे पेटवून कोंबडी, पनीर किंवा मक्याची कणसे भाजण्याची हौस वाढली, तशी त्या सॉसची एक निराळी जातही घरोघर होऊ लागली. तिला बार्बेक्यू सॉस म्हणतात. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांचा. मांस भाजण्यासाठी ते लाकडांचा जो माचा रचीत, त्याच्या नावावरून तो स्पॅनिश भाषेत व तेथून इंग्रजीत आला. अमेरिकेच्या दक्षिण भागात या सॉसचे प्रांतोप्रांती प्रकार झाले. कोठे तो शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मिरची एवढ्यांचाच पातळ असतो, कोठे त्यात मोहरी असते. कॅन्सस सिटीकडील प्रकार टोमॅटो व उसाची काकवी यांचा, दाट व गोड असतो. बेंगळुरूच्या स्वयंपाकघरात काकवीची जागा गुळाने आणि तिकडच्या मिरचीची जागा हावेरी जिल्ह्यातील बेडगी मिरचीने घेतली, तर त्यात नवल नाही. बेडगीचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा, म्हणून या कामाला ती उत्तमच.

पण या सॉसमध्ये पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाचे काम सारखे नसते. काही पदार्थ चवीसाठी असतात, काही टिकाऊपणासाठी, आणि काही दोन्हींसाठी. पाककृती लिहिणारे हा भेद सहसा सांगत नाहीत. घरचा सॉस बिघडतो तो बहुधा याच अज्ञानामुळे. आणि क्वचित प्रसंगी बिघाड नुसत्या आंबण्यावर थांबत नाही.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक सूक्ष्मजंतू मातीत राहतो. मातीबरोबर तो कांद्यालसणाला चिकटून घरात येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन् तास तग धरतात. हवा नसलेल्या जागी, म्हणजे घट्ट बूच लावलेल्या बाटलीत, ते अंकुरले तर जे विष निर्माण होते ते ज्ञात विषांपैकी अतिशय जहाल होय. ते ज्ञानतंतूंवर आघात करते आणि श्वास बंद पाडते. चवीवरून किंवा वासावरून ते ओळखता येईलच असे नाही. हा आजार विरळा आहे खरा. परंतु त्याच्यापासून बचाव करणारी गोष्ट उष्णता नसून अम्लता आहे, हे सॉस करणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

अम्लता मोजण्याचे माप म्हणजे पीएच. शुद्ध पाण्याचा पीएच ७. आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट. पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिनमचे बीजाणू अंकुरत नाहीत. टोमॅटो नेमका या सीमेवर उभा आहे. त्याचा पीएच बहुधा ४.० ते ४.६ यांच्या दरम्यान असतो आणि अतिपक्व फळात तो याहूनही वर सरकतो. घरी सॉससाठी निवडली जातात ती अशीच मऊ पडलेली फळे! त्यात कांदा, लसूण, आले घातले की पीएच आणखी चढतो, कारण हे पदार्थ टोमॅटोइतके अम्ल नसतात. म्हणून शिरका हा केवळ चवीचा पदार्थ समजून कमी करू नये.

येथे जीभ फसवते. सॉस फार आंबट लागला की त्यात गूळ वाढवतात आणि आंबटपणा गेला असे वाटते. वस्तुतः अम्ल जेथल्या तेथेच असते. गोडीने ते झाकले जाते एवढेच. ही फसवणूक उपयोगीच आहे. आंबटपणा नकोसा वाटला तर शिरका कमी न करता गूळ वाढवावा. याउलट, सॉस गोड लागतो म्हणून त्यात अम्ल पुरेसे नाही असेही समजू नये. निर्णय पीएच मोजणाऱ्या कागदाच्या पट्टीने करावा. शाळेच्या प्रयोगशाळेत ती असते. रंगीत सॉसवर पट्टीचा रंग नीट वाचता येत नाही, तेव्हा अंकदर्शक पीएचमापक मिळाल्यास अधिक बरे. आकडा ४.० च्या आसपास किंवा त्याहून खाली असावा.

भारतात १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने विक्रीच्या टोमॅटो सॉसला दोन अटी घातल्या होत्या : विरघळलेली घनद्रव्ये किमान २५ टक्के आणि अम्लता, अॅसेटिक अम्लाच्या हिशेबाने, किमान १ टक्का. तो आदेश आता राहिलेला नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी त्याची जागा घेतली. तथापि घरच्या कामासाठी हे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात ज्या ठिकाणी झाला ती म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये सुरू झाली, आणि तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून तेथे गेले होते.

आता प्रत्यक्ष कृती. सुमारे चार किलो लालबुंद, घट्ट टोमॅटो घ्यावेत. हिरवा भाग व डाग कापून टाकावेत, कारण हिरवा रंग शिजल्यावर तपकिरी होतो आणि लायकोपीन या द्रव्यामुळे आलेला लाल रंग मळकट दिसतो. टोमॅटो चिरून गार ठेवू नयेत. पेशी फुटताच त्यांतील एन्झाइमे पेक्टिनचे तुकडे करू लागतात. असा रस पुढे कितीही आटवला तरी बाटलीत वर पाणी आणि खाली गाळ अशी त्याची फाटाफूट होते. म्हणून पातेले आधी तापवून फोडी थोड्या थोड्या टाकाव्यात, म्हणजे त्या लगेच ८५ अंशांच्या वर जातील आणि एन्झाइमे निकामी होतील. पातेले स्टेनलेस स्टीलचे असावे. कल्हई उडालेले पितळेचे भांडे किंवा लोखंडी कढई अम्लाने खरवडली जाते.

शिजलेला लगदा चाळणीतून घासून गाळला की सुमारे तीन लिटर रस मिळावा. कांदा, लसूण, आले, दालचिनी, मिरे व लवंगा जाडसर कुटून त्यांची स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधावी व ती रसात सोडावी. पुरचुंडी पुढे पिळून बाहेर काढता येते, आणि लसणाचा तुकडा बाटलीत राहत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण मोठ्या तुकड्याच्या गाभ्यात अम्ल उशिरा पोचते. पावणेदोनशे ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावा. गुळात काडीकचरा असतोच. त्यातील तिसरा हिस्सा आरंभी व उरलेला शेवटी घालावा, एरवी गोडी फार वेळ शिजून रंग काळपट होतो. बेडगीची पूड दोन चहाचे चमचे पुरे. मीठ, साधारण २५ ग्रॅम, अगदी शेवटी. ते आधी घातले तर टोमॅटोचा रंग फिका पडतो. शिरकाही शेवटीच, कारण अॅसेटिक अम्ल वाफेबरोबर उडून जाते. चार टक्क्यांचा शिरका शंभर मिलिलिटर घ्यावा. चिंचेचे अम्ल उडून जात नाही, म्हणून चिंचेचा घट्ट कोळ केव्हाही घालता येतो. पण तो शिरक्याच्या जोडीला, त्याच्या बदली नव्हे.

रस किती आटला हे पाहण्यासाठी स्वच्छ काडी पातेल्यात उभी धरून आरंभीच्या उंचीवर खूण करावी. उंची तिसऱ्या हिश्शावर आली की काम झाले. बशीत थेंब टाकून पाहावा. भोवती पाण्याचे कडे सुटता कामा नये.

बेंगळुरूतील स्वयंपाकघराची एक अडचण मुंबईकराला जाणवत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९७ अंशांवरच उकळते. सॉस अम्ल असल्यामुळे बुरशी व किण्वे मारण्यास एवढी उष्णता पुरते. मात्र वेळ थोडा अधिक द्यावा. धुऊन उकळलेल्या गरम बाटल्यांत कढत सॉस भरावा, बूच लावावे आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. समुद्रकाठी तीस मिनिटे, तर बेंगळुरूत चाळीस. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी. सोडियम बेन्झोएट घालण्याची प्रथा आहे, परंतु तेही अम्ल पदार्थातच काम करते. अम्लाची उणीव त्याने भरून निघत नाही, आणि अम्ल पुरेसे असून बाटली उकळली असेल तर घरी त्याची गरज पडत नाही.

राहिला धूर, ज्यावाचून या सॉसला त्याचे नाव शोभत नाही. लाकूड जळताना त्यातील लिग्निन फुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल इत्यादी द्रव्ये बनतात. धुराचा खमंग वास त्यांचा. आपल्याकडील धुंगार, म्हणजे निखाऱ्यावर तूप सोडून झाकण ठेवणे, ही क्रिया वेगळी आहे. कोळसा होताना लाकडातले लिग्निन बहुतेक जळून गेलेले असते, तेव्हा धुंगाराचा वास मुख्यतः तुपाचा असतो. तो वाईट नाही, पण तो लाकडाचा धूर नव्हे. भरताच्या वांग्याप्रमाणे टोमॅटो व कांदा आधी लाकडाच्या विस्तवावर भाजून घेतले तर वास खरा उतरतो. धुरामुळे मांस टिकते हे ऐकून सॉसही टिकेल असे मात्र कोणी समजू नये. सॉसमध्ये उतरणारी ही द्रव्ये त्यासाठी फारच अल्प असतात. वापरतानाही हा सॉस भाजणे संपत आले की फासावा. आधी फासला तर गूळ करपून कडू होतो आणि आतले मांस कच्चेच राहते.

बाटलीच्या तोंडाशी बुरशी दिसली तर लोणच्याप्रमाणे वरचा थर काढून उरलेला सॉस वापरण्याचा मोह होतो. तसे करू नये. काही बुरशा अम्ल खाऊन जगतात. त्या वाढल्या की सॉसचा पीएच चढतो आणि अम्लाने जो दरवाजा बंद ठेवला होता तो उघडतो. झाकण फुगलेली किंवा उघडताना फसफसणारी बाटलीही चाखून न पाहता टाकून द्यावी.

बुरशी नसतानाही कधीकधी बाटलीच्या गळ्याशी काळे कडे धरते. ते लवलवीत किंवा केसाळ नसते, नुसता रंग असतो. लवंगेच्या डोक्यात टॅनिन असते. ते सॉसमध्ये उतरले आणि पत्र्याच्या बुचातील लोखंडाशी व हवेशी त्याची गाठ पडली की काळे संयुग तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून पोथ्या लिहिण्याची शाई करीत, तीच ही क्रिया. म्हणून लवंगांची डोकी खुडून टाकून मगच त्या पुरचुंडीत बांधाव्यात, आणि बूच आतून लाखलेले, गंज न धरणारे घ्यावे.