टिन व्हिसलला गिटारची साथ : कॅपोचे गणित

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात टिन व्हिसल या सहा छिद्रांच्या वाद्याला मानाचे स्थान आहे. हे वाद्य ठरावीक पट्टीतच घडविलेले असते. त्यामुळे पट्टी जुळवून घेण्याची जबाबदारी साथीच्या गिटारवादकावर येते.

त्यासाठी उपयोगी पडतो तो कॅपो, म्हणजेच गिटारच्या सर्व तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तो एक फ्रेट पुढे सरकवल्यास सूर अर्ध्या स्वराने चढतो. सर्वाधिक प्रचलित व्हिसल ‘डी’ची, अर्थात पांढरी दोनची असते. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून सी, एफ आणि जी कॉर्ड धरल्यास प्रत्यक्षात डी, जी आणि ए ऐकू येतात. व्हिसल ‘ई फ्लॅट’ची असल्यास बोटे तशीच ठेवून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर न्यावा.

मात्र कॅपो सूर चढवतो, उतरवत नाही. ‘सी’च्या व्हिसलसाठी तो काढून ठेवता येतो, त्याखालच्या ‘बी फ्लॅट’साठी कॉर्डच बदलावे लागतात. तेव्हा कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून जी, सी आणि डी धरावेत.

‘डी’च्या व्हिसलवर ‘जी’ पट्टीतील धूनही सहज वाजते. म्हणूनच केवळ व्हिसलची नव्हे, तर धून कोणत्या पट्टीत आहे याचीही वादनापूर्वी खात्री करून घेणे आवश्यक ठरते.